याचा यंत्राशी काय संबंध?

जयाचा आवाज चांगला होता, आणि साकीनाक्याच्या त्या ऑफिसात तिला नोकरी मिळाली ती त्यामुळेच. मुलाखतीला वीसेक जणी आल्या होत्या. नंदकिशोर सरांनी प्रत्येकीला एक कागद देऊन मोठ्याने वाचायला लावलं. जयाचं निम्मंही वाचून झालं नव्हतं, तोच ते म्हणाले, "बस. सोमवारपासून या." टायपिंग येतं का, हे त्यांनी नंतर विचारलं.

काम तसं अवघड नव्हतं. मिक्सर, इस्त्री, पाण्याचा फिल्टर असं काही विकत घेतलं की खोक्यात एक कार्ड निघतं. ते भरायचं, खोक्यावरचा बारकोड कापून त्याला चिकटवायचा आणि बिलाच्या झेरॉक्ससह पोस्टाने पाठवायचं, म्हणजे वॉरंटी वर्षभराने वाढते आणि तीन-चारशे रुपये परत येतात. कंपन्या निरनिराळ्या, पण त्यांची कार्डं पोत्यांतून या एकाच ऑफिसात यायची. जया आणि तिच्यासोबतच्या सहा जणी ती कंप्युटरवर चढवायच्या. नाव, पत्ता, फोन, मॉडेल नंबर. त्याखाली आणखी चौदा रकाने होते. घरात माणसं किती? कमावती किती? घर स्वतःचं की भाड्याचं? साखर, बीपी, गुडघेदुखी कोणाला?

हा खालचा भाग पुष्कळ जण कोरा सोडायचे. मग त्यांना फोन करून तो भरून घ्यायचा, आणि हे काम जयाकडे होतं. सगळ्यात शेवटी ‘रिमार्क्स’चा रकाना. सरांचा सगळा जीव त्यात. "नाव-पत्ता काय, कोणीपण आणून देईल," ते म्हणायचे. "माणूस कसा आहे ते लिहा. समोरच्याला कळलं पाहिजे, कोणाशी बोलतोय."

हा ‘समोरचा’ कोण, हे जयाने कधी विचारलं नाही. मानखुर्दहून घाटकोपरला यायचं, तिथून मेट्रोने साकीनाका, दिवसभर लोकांशी गोड बोलायचं आणि सातपर्यंत घरी. नवरा राजाराम एका मॉलमध्ये इलेक्ट्रिशियन होता, मुलगी दहावीला. आधीच्या नोकरीत जया वसुलीचे फोन करायची आणि दिवसभर शिव्या खायची. त्या मानाने हे झकासच होतं.

फेब्रुवारीत एक कार्ड तिच्या हातात आलं. रक्तदाब मोजायचं यंत्र, पत्ता मुलुंड पूर्वेचा. नाव रत्नप्रभा दत्ताराम परब, वय बहात्तर. अक्षर फळ्यावर लिहावं तसं सुबक. खालच्या चौदा रकान्यांवर पट्टीने एक तिरपी रेघ मारलेली आणि तिच्या कडेने लिहिलेलं: ‘याचा यंत्राशी काय संबंध?’

शेजारच्या खुर्चीवरच्या तेजलला जयाने ते दाखवलं. दोघी हसल्या, आणि जयाने नंबर फिरवला.

"काकी, मी जया बोलतेय, तुमच्या बीपी मशीनच्या ऑफिसातून."

"मशीन बरं चाललंय. काय झालं?"

"काही नाही हो. कार्ड अर्धंच भरलंय ना तुम्ही."

"ते मुद्दामच सोडलंय मी."

"पण मग तुमचा कॅशबॅक अडकेल, काकी."

हे खरं नव्हतं. कॅशबॅकला बारकोड आणि बिलाची झेरॉक्स एवढंच लागायचं. पण कोरी कार्डं आली की असंच सांगायचं, हे पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं होतं, आणि आता ते जयाच्या तोंडात बसलं होतं.

पलीकडे खुर्ची सरकली. मग आवाज आला, "वय सांगून झालंच आहे, आता राहिलं काय? विचार."

पहिली पाच-सहा उत्तरं एका शब्दाची आली. मग जयाने कार्डावर नसलेला एक प्रश्न विचारला. "मुलगा जवळ असतो का, काकी?" तो तिने डावपेच म्हणून विचारला की सहज, हे पुढे तिला स्वतःलाही नीट सांगता येईना. पण त्या प्रश्नाने बाई मोकळ्या झाल्या. मुलगा हर्षद बंगळुरूला होता, सून तिकडचीच. पती जाऊन सहा वर्षं झाली. मजल्यावर तीनच घरं, त्यांतलं एक रिकामं, आणि शेजारचं नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, म्हणजे संध्याकाळी सातपर्यंत कुलूप. कामवाली सकाळी येऊन जाते. मग दुपार काही केल्या सरत नाही. फोन बावीस मिनिटं चालला. ठेवताना बाई म्हणाल्या, "बरं वाटलं गो बोलून. हल्ली फोनवर माणूस भेटतच नाही, एक दाबा, दोन दाबा."

जयाने रिमार्क्समध्ये लिहिलं: ‘एकट्या राहतात. मुलगा हर्षद, बंगळुरू. दुपारी घरीच. शेजारी ७ पर्यंत कुलूप. उजवा गुडघा दुखतो. बोलायला आवडतं. मराठीत बोला.’

सरांनी त्या दिवशी ती ओळ सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. "हे बघा. याला म्हणतात रिमार्क." जया संकोचली, पण मनातून सुखावली.

पुढे काकींचा कॅशबॅक महिनाभर रखडला. ऑफिसचा नंबर बाहेरून लागायचा नाही, काकींना चौकशीही करता येईना, म्हणून एका रविवारी जयाने आपल्या मोबाइलवरून फोन करून सांगितलं की कालच तो पास झालाय. तेव्हापासून दोघींचं बोलणं सुरू झालं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. काकींनी तिला तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं कसं करायचं ते सांगितलं, आणि जयाने लेकीच्या भूमितीचं रडगाणं ऐकवलं. जयाची आई लहानपणीच गेली होती. असं कोणी विचारपूस करणारं तिला फार दिवसांनी भेटलं होतं.

एप्रिलमधल्या एका दुपारी जया नुकती डबा खाऊन जागेवर बसली होती, तोच काकींचा फोन आला.

"जया, मी विचारते त्याचं सरळ उत्तर दे. माझे शेजारी दुपारी घरात नसतात, हे मी तुझ्याशिवाय कोणाला सांगितलं होतं?"

"काय झालं, काकी?"

दहा दिवसांत तीन माणसं दारात आली होती. पहिला हेल्थ कार्ड विकणारा. "हर्षददादा बंगळुरूला बरे आहेत ना?" असं त्याने विचारलं, म्हणून काकींना वाटलं मुलानेच पाठवलाय. त्यांनी त्याला आत घेतलं, चहा दिला. दुसरा गुडघ्यांसाठी कसलीशी गादी घेऊन आला. काकींनी काही न सांगताच त्याला कुठला गुडघा ते ठाऊक होतं. आणि आज अडीच वाजता तिसरा.

"त्याच्याकडे पिशवी नाही, ओळखपत्र नाही. म्हणे मशीन चेक करायला आलोय. मी म्हटलं, दारातूनच कर. तर हसतो, आणि म्हणतो कसा, शेजारी कुलूप असतं ना या वेळी, उगाच दारात कशाला उभ्या राहता, आत बसूनच बघतो." काकींना धाप लागली होती. "मी म्हटलं, आत भाचा झोपलाय, त्याला उठवते. आणि दार लावून घेतलं. मला भाचा नाही गो. तुमचं मशीन मात्र चांगलं आहे. एकशे ऐंशी दाखवलं."

"काकी, गोळी घेतलीत का?"

"घेतली. तेका ह्या कसा कळला, ता सांग माका." घाबरल्या की काकी मालवणीवर जायच्या, हे जयाला त्या दिवशी कळलं.

"मी बघते," एवढंच ती म्हणाली, आणि उठून तडक सरांच्या केबिनमध्ये गेली.

नंदकिशोर सर वाईट माणूस नव्हते. जयाचा चेहरा बघून त्यांनी आधी तिला पाणी दिलं. मग म्हणाले, "यादी आपण पार्टीला देतो. पार्टी पुढे कोणाला देते, ते आपल्या हातात नसतं."

"रिमार्क्ससकट देतो?"

"रिमार्क्ससाठीच तर घेतात, जयाताई. नाव-नंबर काय, कुठेही मिळतात."

"त्यांचं नाव काढून टाका ना, सर. एकट्या असतात हो त्या."

"आपल्याकडून काढतो की. पण ती फाईल अकरा जणांकडे गेलीय. त्यांच्याकडून कसं काढू?" मग तिची समजूत काढावी तसे म्हणाले, "आणि कार्डाच्या मागे सगळं छापलेलं असतं. सही आहे त्यांची."

जयाने जागेवर येऊन एक कार्ड उलटं केलं. हजारो कार्डं तिच्या हाताखालून गेली होती, पण मागची बाजू तिने आज पहिल्यांदा वाचली. मोहरीएवढ्या अक्षरांत एक ओळ होती: ‘आपली माहिती आमच्या सहयोगी संस्थांना देण्यास माझी हरकत नाही.’ वाचायला तिला कार्ड ट्यूबलाइटखाली धरावं लागलं.

घरी तिने राजारामला सगळं सांगितलं. त्याने जेवता जेवता ऐकून घेतलं. "तू लिहिलंस. विकलं त्यांनी," तो म्हणाला.

"मी लिहिलं नसतं तर त्यांनी काय विकलं असतं?"

ताट उचलताना तो म्हणाला, "मग जाऊन सांग त्यांना. फोनवर नको सांगूस."

रविवारी ती मुलुंडला गेली. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दाराला साखळी होती, इतकी नवी की किमतीची चिकटपट्टीही निघाली नव्हती. फटीतून दोन डोळ्यांनी तिला न्याहाळलं.

"मी जया, काकी."

"बोल अजून काहीतरी."

"काय बोलू? मी जयाच."

आवाज ओळखून साखळी निघाली. काकी उंच होत्या, काटक, फुलाफुलांचा गाऊन आणि खांद्यावर टॉवेल. "आवाजावरून मला वाटलेलं तू जाडी असशील," त्या म्हणाल्या. त्यांना बरं वाटलेलं दिसत होतं, आणि त्यामुळे जयाला बोलणं आणखीच कठीण झालं. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवायच्या आतच तिने सांगायला सुरुवात केली. कॅशबॅक अडकणार नव्हता, ते खोटं होतं, इथपासून ते सरांच्या केबिनपर्यंत. मध्ये कुठेही थांबली नाही.

काकींनी टॉवेलची घडी घातली, मोडली, परत घातली.

"मी कुठे नोकरीला होते, ठाऊक आहे तुला? कार्डावर तो रकाना नव्हता वाटतं."

"नाही."

"टेलिफोन एक्सचेंजला. ट्रंक ऑपरेटर." त्या खिडकीकडे बघत बोलत होत्या. "बाहेरगावचे कॉल हाताने जोडायचो. लाइन नीट लागली की नाही ते ऐकावंच लागायचं आम्हाला. लालबागला राहायचो तेव्हा. एक दिवस गावाकडून कॉल आला, गिरणीच्या ऑफिसात. आमच्या शेजारणीचा मुलगा विहिरीत बुडाला होता. सुट्टीत गेलेला, चौदा वर्षांचा. लाइन मी जोडली. सहाला घरी आले, तर ती गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली. मला म्हणते, दमलीस गं, चहा घे. मी घेतला. गिरणीतला तिचा दीर रात्री आठला सांगायला आला. दोन तास मी तिच्यासमोर बसून होते."

जयाने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

"बरोबर केलं की चूक, आजही मला कळत नाही. पण ती गोष्ट माझी नव्हती. कानात आली म्हणून माझी होत नाही." मग एकदम त्या वळल्या. "काय लिहिलं होतंस माझ्याबद्दल? जसंच्या तसं सांग."

जयाने सांगितलं. काकींनी तिच्यापुढे वही सरकवली. "इथे लिही." तिने लिहिलं. काकींनी चष्मा लावून एकेक शब्दावर बोट ठेवत वाचलं आणि बोट एका जागी थांबलं.

"‘बोलायला आवडतं.’ हेपण विकलंस?"

रडू आलं असतं तर जयाला बरं वाटलं असतं. आलं नाही. काकींनी तिला चहा विचारला नाही. त्या उठल्या, कपाटातून यंत्राचं खोकं काढलं, त्यावर छापलेला कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता शोधला आणि वहीचं नवं पान उघडून लिहायला लागल्या. अक्षर तेच, सुबक. तीन माणसं, तीन तारखा, तिघांची बोलणी. अर्ध्यावर पेन थांबलं.

"ही माहिती कोणी घेतली ते लिहावं लागेल. मी ‘एक कर्मचारी’ असं लिहिते."

"तसं नका लिहू," जया म्हणाली. "असा कोणी कर्मचारी नाहीच, म्हणतील. झालं मग."

तिने वही आपल्याकडे ओढली आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, फोन कधी केला ती तारीख लिहिली, कॅशबॅक अडकेल असं खोटं सांगून ही माहिती घेतली असं लिहिलं. आणि सही केली.

"नोकरी जाईल तुझी," काकी म्हणाल्या.

"जाईल."

काकी दारापर्यंत सोडायला आल्या, आणि जया एक जिना उतरेपर्यंत साखळी लावल्याचा आवाज आला नाही.

नोकरी तीन आठवड्यांनी गेली. कंपनीची दोन माणसं ऑफिसात आली, दिवसभर कंप्युटर बघत बसली, आणि संध्याकाळी सरांनी जयाला बोलावलं. कंपनीने त्यांचं काम काढून घेतलं होतं. "दुसऱ्या कंपन्यांना कळलं तर माझी पूर्ण वाट लागेल," ते म्हणाले. ओरडले नाहीत, पण तिच्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. "माझ्याशी आधी बोलायचंत ना."

"बोलले होते, सर."

तेजल खालपर्यंत सोडायला आली. जिन्यात तिने हळूच विचारलं, "पूर्ण फाईल पेनड्राइव्हवर देऊ? सगळ्यांना फोन करून सांग, काय झालंय ते."

जयाला मोह झाला. सगळी नावं, सगळे नंबर. क्षणभर तिने हातही पुढे केला. मग म्हणाली, "नको गं. परत तेच होईल. त्यांना न विचारता त्यांचे नंबर माझ्या पर्समध्ये."

महिनाभर तिचं आणि काकींचं बोलणं नव्हतं. जयाला गोवंडीत एका लहान मुलांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला काम मिळालं. पगार कमी, पण घर जवळ. काकींना फोन करावा असं रोज वाटायचं, आणि आपण कोण करणार, असंही वाटायचं. शेवटी फोन काकींचाच आला. "कंपनीचं उत्तर आलंय. ये आणि वाच. इंग्रजी माझं बरं आहे, पण हे काही निराळंच आहे."

पत्र दीड पानी होतं. काकींची माहिती कंपनीच्या आणि एजन्सीच्या नोंदींतून पुसली होती. पण जिथे जिथे ती आधीच पोचली आहे, तिथली खात्री कंपनी देऊ शकत नव्हती. खाली दिलगिरी होती. जयाने ते दोनदा वाचून मराठीत सांगितलं.

"म्हणजे आत झोपलेला तो भाचा आता कायमचाच ठेवावा लागणार," काकी म्हणाल्या. त्यांनी पत्र फाईलला लावलं, आणि मग या वेळी चहा टाकला. कप पुढे ठेवत विचारलं, "असं किती जणांबद्दल लिहिलंस तू?"

"दोनेक हजार असतील."

"आठवतात किती?"

जयाने डोळे मिटून बघितलं. चेहरे नव्हतेच, आवाज होते. त्या आवाजांना चिकटून आलेली नावं, बिल्डिंगा, नाके. बोरिवलीच्या एक रिटायर्ड बाई, ज्यांचा पोपट फोनमध्ये ओरडायचा. मढच्या चर्चजवळचे एक आजोबा. घाटकोपर, भटवाडीतले एक गृहस्थ, बायको अंथरुणाला खिळलेली. मोजून एकोणीस निघाले, पोस्टमन शोधू शकेल इतपत पत्त्यासकट.

"तेवढ्यांना तर लिहू," काकी म्हणाल्या.

"पोस्टकार्डं आणू?"

"पोस्टकार्ड कशाला, वाटेत सगळ्यांनी वाचायला? पाकिटं आण."

तीन रविवार लागले. काकी मजकूर सांगायच्या, जया लिहायची, आणि एखादं वाक्य फार सारवासारव करायला लागलं की काकी ते खोडायला लावायच्या. प्रत्येक पत्रात तेच होतं: मी तुमच्याकडून काय विचारून घेतलं, खोटं काय सांगितलं, ते कुठे गेलं, आता कोणाला लिहा, आणि दारात कोणी तुमचं घरचं सगळं ठाऊक असल्यासारखा बोलला तर साखळी काढू नका. खाली जयाचं नाव आणि नंबर.

सात पत्रं ‘पत्ता अपुरा’ म्हणून परत आली. बाकीच्यांचं बरेच दिवस काही कळलं नाही. मग ऑगस्टमध्ये एका रविवारी, दोघी काकींच्या टेबलाशी वाल निवडत बसलेल्या असताना, जयाचा फोन वाजला. भटवाडीतले ते गृहस्थ होते.

त्यांनी तिला दहा मिनिटं झापलं. बायको आजारी असल्याचं जयाला सांगितल्यापासून त्यांना रोज कोणी ना कोणी फोन करत होतं, एकाने तर तिच्या औषधांच्या नावाने खोटं पार्सलही पाठवलं होतं. तुम्हाला लाज नाही वाटली? तुम्ही त्या दिवशी मला ताई म्हणून बोलायला लावलंत! जयाने फोन स्पीकरवर ठेवला होता. काकींचे हात वालांवरच थांबले होते.

शेवटी ते दमले. "आता मी काय करू, ते सांगा," ते म्हणाले.

जयाने त्यांना पत्रात लिहिलेलंच कंपनीचं नाव, अधिकाऱ्याचा पत्ता, काय काय लिहायचं ते परत सावकाश सांगितलं. ते मध्येच म्हणाले, "थांबा, पेन आणतो." आतून भांड्यांचा आवाज आला, बायकोचा काहीतरी विचारणारा बारीक आवाज आला, आणि ते तिला म्हणाले, "काही नाही, ऑफिसचा फोन आहे." मग परत येऊन त्यांनी सगळं लिहून घेतलं.

"आणि माझं नाव लिहा त्यात," जया म्हणाली. "पूर्ण लिहा."

"लिहितो," ते म्हणाले. फोन ठेवायच्या आधी जरा थांबले. "तुम्ही स्वतः कळवलंत, ते बरं केलंत." आणि त्यांनी फोन ठेवला.

काकींनी वालांची परात जयाकडे सरकवली. "राहिलेले तू निवड," त्या म्हणाल्या. "मी भात लावते. जेवूनच जा."